किट कार्सनच्या कामाचा हिशेब

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या पायोनियर स्मारकाचा पहिला आराखडा लोकांपुढे आला तेव्हा गदारोळ उठला होता. शिल्पकार फ्रेडरिक मॅकमॉनीजने सगळ्यात वर एक मूळनिवासी योद्धा बसवला होता. ज्यांना हुसकावून आपण इथे वसलो, त्यांनाच डोक्यावर घ्यायचं? शेवटी योद्धा उतरला आणि त्याच्या जागी किट कार्सन, एकोणिसाव्या शतकातला सापळेवाला, वाटाड्या आणि लष्करी अधिकारी, चढला. १९११ साली स्मारक उभं राहिलं आणि जून २०२० मध्ये शहराने कार्सनलाही खाली घेतलं. तिकडे न्यू मेक्सिकोत सांता फेच्या केंद्रीय न्यायालयासमोर १८८५ पासून उभा असलेला कार्सनचा दगडी स्तंभ ऑगस्ट २०२३ मध्ये एका रात्री काही लोकांनी पाडला. वरचा भाग कोसळला, चौथरा राहिला. त्या स्तंभावर ‘पायोनियर, पाथफाइंडर, सोल्जर’ असे तीन शब्द कोरलेले होते आणि सोबत ‘त्याने वाट दाखवली’ अशा अर्थाची ओळ.

वाट त्याने दाखवली, यात वादच नाही. कुणाला दाखवली आणि ती कुठे जाऊन पोचली, एवढंच विचारायचं राहतं. कार्सनचे चाहते आणि विरोधक दोघेही हा प्रश्न टाळून त्याच्या मनात शिरायला बघतात. चाहते म्हणतात, त्याची पहिली बायको अरापाहो, दुसरी शायेन. तो मूळनिवाशांच्या चार-सहा भाषा बोलायचा. तो त्यांचा द्वेष्टा कसा असेल? विरोधक म्हणतात, तो जन्मजात खुनी होता. दोन्ही बाजूंनी वकिली चालते ती काळजाची, आणि काळजाचा पंचनामा दीडशे वर्षांनी करता येत नाही. कामाचा करता येतो, कारण त्याचे हुकूम, अहवाल आणि शिध्याचे हिशेब लष्कराने जपून ठेवले आहेत. ते वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की सार्वजनिक बागा, जंगलं आणि लष्करी तळ यांना कार्सनचं नाव असू नये. पण तो दुष्ट होता हे त्याचं कारण नव्हे. दुष्टपणाचं कारण पुढे केलं की खरा आरोपी सुटतो. तो कोण, ते पुढे येईलच.

माणूस थोडक्यात असा. जन्म २४ डिसेंबर १८०९, केंटकी. बालपण मिसुरीतल्या सरहद्दीवर. बाप लवकर गेला, पोराला खोगीर शिवणाऱ्या डेव्हिड वर्कमनकडे उमेदवारीला ठेवलं. १८२६ मध्ये पोरगा सांता फेकडे निघालेल्या तांड्याबरोबर पळाला. वर्कमनने पेपरात जाहिरात दिली: पोराला परत आणून देणाऱ्यास बक्षीस एक सेंट. कायद्याने जाहिरात देणं भाग होतं, म्हणून दिली असावी. एका सेंटसाठी कोण कशाला घोडं दामटेल? लिहिणं-वाचणं त्याला कधीच आलं नाही, सहीपुरती अक्षरं यायची.

पुढची दहा-बारा वर्षं बीव्हर नावाचा पाणथळ प्राणी पकडण्यात गेली, आणि हा धंदा नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा कार्सन समजत नाही. युरोपातल्या टोप्यांसाठी बीव्हरची लव लागायची. सापळा लोखंडी, साधारण पाच पौंडांचा, दोन पट्टी-स्प्रिंगांचा, साखळी जोडलेला. माणूस काठापासून दूर पाण्यात उतरायचा आणि पाण्यातूनच चालत यायचा, कारण काठावर पाऊल टाकलं की वास राहतो. बीव्हर जिथून वर चढतो तिथे सापळा पाण्याखाली चार बोटं ठेवायचा आणि साखळीचं दुसरं टोक खोल पाण्यात रोवलेल्या खुंटाला बांधायचं. खुंट वाळक्या लाकडाचाच हवा; ओला असला तर बीव्हर तो खाऊन मोकळा होतो. वर एक काटकी वाकवून तिच्या टोकाला बीव्हरच्याच ग्रंथीतला उग्र वासाचा स्राव लावायचा. वास घ्यायला जनावर वर आलं की पाय अडकतो, घाबरून ते खोल पाण्याकडे झेपावतं आणि लोखंडाच्या भाराने बुडतं. खुंट उथळ पाण्यात रोवला तर ते काठ गाठतं, अडकलेला पाय पिळून तोडतं आणि निघून जातं. सापळ्यात उरतो फक्त पंजा. बर्फाच्या पाण्यात दिवसचे दिवस उभं राहून या लोकांचे गुडघे चाळिशीआधीच जायचे.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चांगला सापळेवाला जनावरामागे धावत नाही. जनावराला कुठे यावंच लागतं ते तो ओळखतो आणि तिथे थांबतो.

१८४० च्या सुमाराला रेशमी टोप्यांनी बीव्हरची किंमत पाडली आणि धंदा बसला. १८४२ मध्ये कार्सनला पश्चिमेची पाहणी करणारा लष्करी अधिकारी जॉन फ्रीमाँट भेटला. महिना शंभर डॉलरवर तो फ्रीमाँटचा वाटाड्या झाला. फ्रीमाँटचे प्रवास-अहवाल सरकारने छापले, देशभर वाचले गेले आणि निरक्षर वाटाड्या घराघरात नायक झाला. १८४९ मध्ये त्याच्या नावाने अद्भुत साहसकथा विकल्या जात होत्या. त्याच वर्षी हिकारिया अपाचींनी ॲन व्हाइट या बाईला पळवून नेलं. बारा दिवस माग काढत कार्सन तुकडीसह छावणीपर्यंत पोचला. ताबडतोब चाल करा, असं त्याचं म्हणणं. अधिकाऱ्याने वाटाघाटीसाठी थांबवलं. ती मिळाली तेव्हा प्रेत अजून गरम होतं. छावणीच्या सामानात एक पुस्तक सापडलं, ज्यात किट कार्सन नावाचा वीर शेकडो मूळनिवासी लोळवतो. ती बाई ते वाचून आपली वाट बघत असेल, हा विचार त्याला पुढे कित्येक वर्षं छळत राहिला, असं त्याने स्वतःच सांगून लिहवून घेतलं आहे. दंतकथेचं ओझं सगळ्यात जास्त कुणाला झालं असेल तर ते त्यालाच.

पण याच फ्रीमाँटबरोबर १८४६ मध्ये सॅक्रामेंटो नदीकाठच्या मूळनिवासी वस्तीवर जो हल्ला झाला, त्याला कार्सनने पुढे कत्तलच म्हटलं. आणि २८ जून १८४६ रोजी सान राफाएलजवळ होडीतून उतरलेल्या तीन निःशस्त्र मेक्सिकन कॅलिफोर्नियनांना, म्हाताऱ्या होसे बेरेयेसाला आणि त्याच्या दोन जुळ्या पुतण्यांना, गोळ्या घातल्या त्या कार्सनच्या माणसांनी. नंतरच्या एका साक्षीप्रमाणे त्याने आधी फ्रीमाँटला विचारलं होतं, कैदी करायचे का? उत्तर मिळालं, कैद्यांना जागा नाही. या माणसाचा हा स्वभाव लक्षात ठेवावा: वरचा सांगेल ते, आणि चोख.

आता १८६२. ब्रिगेडियर जनरल जेम्स कार्लटन न्यू मेक्सिकोचा लष्करी प्रमुख होऊन आला. यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोरांशी लढायला आणलेलं त्याचं सैन्य बिनकामाचं बसून होतं, आणि नवाहोंच्या मुलखात सोनं आहे अशी त्याची खात्री होती. (ते निघालं नाही.) नवाहो, म्हणजे स्वतःला दिने म्हणवणारे लोक, आणि न्यू मेक्सिकोतले स्पॅनिशभाषक यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या धाडी चालत. एकाने मेंढ्या पळवाव्या, दुसऱ्याने बायका-पोरं पळवून गुलाम करावी. कार्सनच्या स्वतःच्या घरी असा एक विकत घेतलेला नवाहो मुलगा वाढला होता. म्हणजे भांडण एकतर्फी नव्हतं, हे चाहत्यांचं म्हणणं खरं आहे. पण कार्लटनने त्यावर शोधलेला उपाय एकतर्फी होता. मेस्कालेरो अपाची आणि दिने यांना त्यांच्या डोंगरांतून उचलायचं आणि पेकोस नदीकाठी बोस्के रेदोंदो नावाच्या जागी, फोर्ट सम्नरच्या बंदोबस्तात, शेतकरी करून ठेवायचं.

कार्सन तेव्हा कार्लटनच्या हाताखाली स्वयंसेवकांचा कर्नल होता. मेस्कालेरोंबद्दल त्याला मिळालेला १२ ऑक्टोबर १८६२ चा हुकूम स्पष्ट होता: पुरुष दिसेल तिथे ठार करा, बायका-पोरं कैद करा. कार्सनने तो पूर्ण पाळला नाही. शरण आलेल्यांना त्याने आश्रय दिला आणि त्यांच्या म्होरक्यांना बोलणी करायला सांता फेला पाठवलं. चाहते हे उदाहरण मोठ्या अभिमानाने देतात. मला ते उलटं वाटतं. हुकूम न पाळणं शक्य होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं, याचा हा लेखी पुरावा आहे. चार महिन्यांनी, फेब्रुवारी १८६३ मध्ये, त्याने राजीनामा दिला, कार्लटनने परत पाठवला, तो राहिला. ‘त्याचा नाइलाज होता’ हे म्हणणं इथे संपतं.

१५ जून १८६३ च्या सामान्य आदेश क्रमांक १५ ने मोहीम सुरू झाली. शरण यायची मुदत २० जुलै. त्यानंतर प्रत्येक दिने शत्रू. कार्सनकडे सातशेच्या आसपास स्वयंसेवक, त्यातले बरेच दारुडे, बेशिस्त, ज्यांच्या अधिकाऱ्यांवर एकामागून एक कोर्ट मार्शल चाललेले. अशा फौजेने तुटलेल्या कड्यांच्या हजारो चौरस मैलांत घोड्यावरच्या चपळ लोकांना गाठायचं कसं? गाठायचंच नाही. जुना सापळेवाला जिथे लोकांना यावंच लागतं तिथे गेला: कणसं भरलेल्या मक्याच्या शेतात, गव्हाच्या रानात, पाणवठ्यावर, मेंढवाड्यात. वाट दाखवायला ऊट लोक होते, जे दिनेंचे जुने वैरी.

कामाची पद्धत ठरलेली होती. रान सापडलं की आधी घोडे आणि खेचरं चारायची, वाहून नेता येईल तेवढं धान्य फोर्ट कॅन्बी या मोहिमेच्या तळावर न्यायचं, उरलेलं तुडवायचं नाहीतर पेटवायचं. भोपळे, घेवडा, पुरून ठेवलेली कोठारं, सगळं त्याच हिशेबात. पकडलेल्या जनावरांवर सैनिकांना बक्षीस: घोड्याला किंवा खेचराला २० डॉलर, मेंढीला एक. त्यामुळे सैनिक माणसांपेक्षा मेंढ्यांमागे जास्त धावले, आणि मोहिमेला हवं होतं तेही तेच. ऊटांना त्यांनी पकडलेली बायका-पोरं ठेवू द्यावी, म्हणजे ते उत्साहाने काम करतील, असं कार्सनने लेखी मागितलं. कार्लटनने नाही म्हटलं. दोघांत कोण जास्त माणुसकीचा, असं कुणी विचारलं तर निदान या एका कागदावर उत्तर चाहत्यांना रुचणार नाही.

लढाई म्हणावी अशी जवळजवळ झालीच नाही. हिवाळ्यात दिनेंनी पाइनच्या बिया आणि रानकंद यांवर दिवस काढले. धूर दिसेल म्हणून शेकोटी पेटवायची चोरी. जानेवारी १८६४ मध्ये कार्सन हिमवर्षावातून कॅन्यन द शेयी या दिनेंच्या खोल दरीकडे निघाला. ओझ्याचे पंचवीसहून अधिक बैल वाटेत मेले. तो पश्चिम तोंडाशी थांबला आणि कॅप्टन फायफरची तुकडी दरीच्या उत्तरेकडच्या फाट्यातून आरपार गेली. दिनेंच्या मौखिक परंपरेत त्या दिवसांची एक आठवण टिकून आहे: शेकडो लोक शिड्या आणि खोबणींनी एका सुट्या उंच सुळक्यावर चढून बसले होते, आणि पाणी संपल्यावर रात्री खाली झोपलेल्या पहारेकऱ्यांच्या उशाच्या ओढ्यातून युक्काच्या दोरांना भोपळे बांधून हातोहात पाणी वर ओढत होते. कार्सनच्या अहवालात या दरीतल्या चढाईत ठार झालेल्यांचा आकडा आहे २३. ही संख्या ‘बघा, किती थोडे मारले’ म्हणून दाखवली जाते. उपासमारीचा शस्त्र म्हणून वापर झाला की गोळ्यांचा आकडा लहानच असणार.

त्या दरीत पीचची झाडं होती, पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली. ती तोडली १८६४ च्या उन्हाळ्यात कॅप्टन जॉन थॉम्पसनच्या तुकडीने, कुऱ्हाडीने, तीन हजारांहून जास्त. कार्सन त्या वेळी तिथे नव्हता. त्याच्या नावावर ती झाडं घालणं चूक आहे. पण पीक जाळलं तर एक हंगाम जातो, फळझाड तोडलं तर पिढी जाते, आणि शरणागती पत्करलेल्या मुलखात हे काम नंतर कुणीतरी शांतपणे उरकलं, यावरूनच कळतं की यंत्र एका माणसावर चालत नव्हतं.

बोस्के रेदोंदोची चाल वाटेनुसार तीनशे ते साडेचारशे मैलांची. दिने तिला लांब चाल म्हणतात आणि त्या जागेला हवेल्दी. कार्लटनने तरतूद केली होती पाचेक हजार माणसांची. आली आठ हजारांहून जास्त, शिवाय आधीचे चारेकशे मेस्कालेरो, ज्यांचं दिनेंशी वैर होतं. पुढचं सगळं अपयश इथून मोजता येतं. माणशी दिवसाला एक पौंड मांस आणि एक पौंड पीठ, कधी त्याहूनही कमी. गव्हाचं पांढरं पीठ कसं शिजवायचं हे कुणी सांगितलं नाही. कच्चं खाऊन लोकांना हगवण लागली. कॉफीच्या बिया घेवड्यासारख्या उकडून पाहिल्या. पेकोसचं पाणी खारट. मका पेरला तो कणसं भरायच्या वेळी अळीने खाल्ला, १८६४ मध्ये, पुन्हा १८६५ मध्ये. सरपण संपलं, मेस्कीट या काटेरी झुडपाची मुळं खणायला बारा-पंधरा मैल जावं लागे. शिध्याची कागदी तिकिटं लोकांनी हुबेहूब बनवली म्हणून धातूचे बिल्ले आणले, तर दिने कारागिरांनी तेही घडवले. (या सगळ्या कहाणीत हसू येण्याजोगं एवढंच.) नोव्हेंबर १८६५ मध्ये एका रात्रीत जवळजवळ सगळे मेस्कालेरो निघून गेले. रोगराई, भूक आणि थंडीने चार वर्षांत दोन हजारांहून जास्त माणसं गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. १८६८ मध्ये दिनेंनी पेरणी करायलाच नकार दिला.

कार्सन १८६४ च्या उन्हाळ्यात काही आठवडे तिथे देखरेखीला होता आणि वैतागून निघाला. त्याच नोव्हेंबरात टेक्सासात ॲडोब वॉल्सपाशी कायोवा-कोमँचींच्या मोठ्या जमावापुढून दोन उखळी तोफांच्या जोरावर त्याने आपली तुकडी सुखरूप मागे काढली, आणि काही दिवसांतच सँड क्रीकवर झालेल्या शायेन-अरापाहो कत्तलीचा त्याने उघड धिक्कार केला. हेही त्याच्या खात्यावर जमा आहे. मात्र जमा आणि खर्च एकमेकांत वळते करून शिल्लक ‘चांगला माणूस’ अशी काढायची नसते. पुतळा खात्याचा नसतो, एका नोंदीचा असतो.

‘त्या काळाच्या मापाने मोजा’ असं म्हणणाऱ्यांसाठी त्याच काळातला एक माणूस: डॉक्टर मायकेल स्टेक, न्यू मेक्सिकोतला मूळनिवासी खात्याचा अधीक्षक. जमीन पुरणार नाही, दिने आणि मेस्कालेरो एकत्र नांदणार नाहीत, दिनेंना त्यांच्याच मुलखात राहू द्या, हे तो तेव्हाच लेखी सांगत होता. त्याचं ऐकलं नाही. त्याचा पुतळाही कुणी उभारला नाही.

मग करायचं काय? सरसकट नियम मला मान्य नाही. नेव्हाडातली कार्सन नदी फ्रीमाँटच्या मोहिमेतून नाव घेऊन आली. वाटाड्याचं नाव नदीला, त्यात वावगं काही नाही, ते राहू द्यावं. कोलोरॅडोतला फोर्ट कार्सन हा लष्करी तळ वेगळा; लष्कर जेव्हा सैनिक म्हणून त्याचं नाव लावतं तेव्हा गौरव होतो तो १८६३ च्या मोहिमेचाच. न्यू मेक्सिकोतल्या कार्सन राष्ट्रीय वनाचं प्रकरण तर आणखी टोचणारं. ताओस प्वेब्लो या मूळनिवासी वस्तीचं पवित्र सरोवर, ब्लू लेक, १९०६ मध्ये सरकारने वनात ओढलं. ४८,००० एकरांसह ते परत मिळायला १९७० उजाडलं. तोवर त्या लोकांना आपल्याच देवस्थानी जायचं ते कार्सनच्या नावाच्या जंगलातून.

घाईने केलेली नामांतरं टिकत नाहीत, हे न्यू मेक्सिकोतल्या ताओस गावानेच दाखवलं. २०१४ मध्ये नगर परिषदेने किट कार्सन पार्कचं नाव बदलून रेड विलो पार्क करायचं ठरवलं, वाद पेटला आणि निर्णय मागे घेतला. नाव जिथल्या तिथे. उलट कोलोरॅडोतल्या माउंट इव्हान्स या शिखराचं माउंट ब्लू स्काय व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडलं, पण नवं नाव शायेन आणि अरापाहो यांनीच सुचवलेलं होतं आणि भौगोलिक नावं ठरवणाऱ्या केंद्रीय मंडळातून गेलेलं होतं, म्हणून ते बसलं. रात्रीच्या काळोखात पाडलेल्या स्तंभाने यातलं काहीच साधत नाही. उरतो तुटका दगड, आणि त्याला बघून कार्सनचे चाहते आणखी कडवे होतात.

आणि कार्लटन? नवाहो मोहिमेची आखणी त्याची, हुकूम त्याचे, आकड्यांची चूक त्याची. सप्टेंबर १८६६ मध्ये त्याला हलवलं, एवढीच शिक्षा. त्याच्यावर साहसकथा निघाल्या नाहीत, म्हणून आज त्याच्यावर रागही निघत नाही. कार्सन प्रसिद्ध, म्हणून हार त्याला आणि दोरखंडही त्यालाच. त्याची प्रसिद्धी ही कार्लटनची ढाल झाली आहे, आणि विरोधकही ती नकळत धरून उभे राहतात.

कार्सन २३ मे १८६८ रोजी फोर्ट लायनला वारला; तिसरी बायको होसेफा महिनाभर आधीच गेली होती. नऊ दिवसांनी, १ जूनला, बार्बोनसितो आणि इतर म्होरक्यांनी जनरल शर्मनबरोबर करार केला. आम्हाला आमच्या मुलखाखेरीज दुसरीकडे नेऊ नका, एवढंच बार्बोनसितोने लावून धरलं होतं. १८ जूनला दिने घराकडे निघाले तेव्हा रांग दहा मैल लांब होती. करारात १५,००० मेंढ्या-शेळ्या द्यायचं कबूल होतं. त्या यायला १८६९ उजाडलं.

किट आणि होसेफाची थडगी ताओसच्या त्याच बागेत आहेत. तिथे हात लावायचं कुणाला कारण नाही. थडग्यावर त्याचं नाव आहेच, त्यामुळे फाटकावरची पाटी बदलली तरी कार्सन तिथून कुठे जात नाही. नवी पाटी लिहायची वेळ आली तर मजकूर दिने आणि ताओस प्वेब्लो यांच्यासमोर आधी ठेवावा, इंग्रजीबरोबर दिने भाषेतही लिहावा, आणि पहिल्या ओळीत सामान्य आदेश क्रमांक १५, त्याची तारीख आणि खालची सही, जेम्स एच. कार्लटन, हे कार्सनच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत घालावं.